खळं

किरुम्बाच्या मासळीबाजारात
लुगेंडो जंतू झाला होता:
अंगात खताचं पोतं, डोक्यावर प्लॅस्टिकची सहा शिंगं.
न्क्वाबी कॅप्सूल. वर लाल, खाली पिवळा.
पहिल्या दिवशी जंतू पडायचा,
तिसऱ्या दिवशी आईनं औषध थांबवायचं,
पाचव्या दिवशी त्यानं उठून कॅप्सूलला लोळवायचं.
लोळवलं.
टाळ्या कडाडल्या.
पोरं जंतूमागून नाचत धक्क्यापर्यंत गेली.
रेहेमा म्हणाली, आपलं काहीतरी चुकलं.
लुगेंडो घाम पुसत हसत होता,
त्याला काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं.

सुकत घातलेल्या माशांच्या रुपेरी चटयांमधून
मी फोटो घेऊन हिंडत राहिले.
मिन्झामावशीनं ओले हात कांगाला पुसले,
फोटो उलटा धरला.
"उगालीला बुरशी धरलीय का ही?"

म्हटलं, ही लॅबमधली थाळी.
या पांढऱ्या टिकल्या, औषधात भिजवलेल्या.
जंतूंची साय सगळीकडे पसरते,
पण औषध चालत असेल
तर टिकलीच्या आसपास धरत नाही.
चंद्राला पडतं ना, तसं खळं पडतं.

"म्हणजे झाडून घेतलेली जागा."
हो.
तिनं बोट फिरवलं. सहा टिकल्या.
मासे मोजणारं बोट ते, चुकत नाही.
"मग खळं कुठंय?"

या थाळीत नाही.
"एकीलाही?"
एकीलाही.
"थाळी कुणाची?"
नाव सांगायचं नसतं आम्ही.
म्हटलं, चौदा महिन्यांचा मुलगा.
"मग त्याला दिलं काय?"

पोस्टरवर चार रंगांत लिहिलेलं सगळं पाठ होतं मला:
डोस पूर्ण करा, उरलेलं ठेवू नका, दुसऱ्याला देऊ नका.
त्यातलं एकही वाक्य
या प्रश्नाच्या जवळपास फिरकत नव्हतं.

मग तीच बोलू लागली, हिशेब द्यावा तशी.
दुकानात दोनच कॅप्सूल घेतल्या
तर पोराच्या वहीचे पैसे सुटतात.
ताप उतरला की उरलेलं गाठीला.
कोंबडीची पिल्लं झुरायला लागली
की त्यातलीच एक फोडून पाण्यात.
"काटकसर शिकवली आईनं.
तुम्ही शिकलेल्या पोरी आता तिलाच पाप म्हणता."

पाप नाही म्हटलं मी.
पण पोस्टर गुंडाळून घेतलं.

रात्री वसतिगृहात ट्रंक उपसली, सुई हवी होती,
लुगेंडोचं एक शिंग उसवलं होतं.
तळाशी चंदेरी पट्टी निघाली.
गेल्या एप्रिलमधली. माझी.
दहातल्या चार शिल्लक.
घसा बरा वाटला, परीक्षा होती, विसरले.
नाही, विसरले नव्हते.
असू देत म्हटलं होतं, लागतील कधीतरी.
आणि पोस्टरवरची अक्षरं
माझ्याच हातची.

पुढच्या गुरुवारी नाटक केलं नाही.
पट्टी मावशीच्या तराजूच्या पारड्यात ठेवली.
तिनं पाहिलं. मला, मग पट्टीला.
मागे कुणीतरी होडीतलं पाणी उपसत होतं, डबक, डबक.
मग तिनं कांगाच्या टोकाची गाठ
दातांनी सोडवली.
सात.
एक फुटलेली, पिवळी पूड खवल्यांत मिसळून गेलेली.
शेजारच्या न्गोलोनं कॉफीचा रिकामा डबा पुढे केला,
स्वतःच्या दोन आधी टाकून.

"आणि तो मुलगा?"

काल नवी थाळी दिव्यासमोर धरली होती.
नवी टिकली, बाहेरून मागवलेलं महाग औषध.
पट्टीनं मोजलं, पुसून पुन्हा मोजलं.
खळं होतं. असावं. कडेला धुरकट.
तक्त्यात अशा मापाला
हो नाही, नाहीही नाही,
मधलाच एक शब्द आहे.

तो शब्द मी बाजारात आणला नाही.
मावशीला करंगळीचं नख दाखवलं.
एवढं.

तिनं नख पाहिलं.
पारडं कांगानं पुसलं
आणि काटा शून्यावर येईपर्यंत
हात काढला नाही.