अडीच

नांदेडला स्टेशनसमोरच्या लॉजवर
पोऱ्यानं रजिस्टर पुढं सरकवलं,
माणसं किती?
विश्वंभर म्हणाला, अडीच.
मग पेन तसंच धरून, नाही नाही, दोन.
दोनच लिव्हा.

सकाळी नऊला माझा पेपर.
अकरा महिने मी अभ्यास केला तो एका हातानं,
पान अंगठ्यानं दाबून,
दुसऱ्या हातावर उर्वी.
आज दोन्ही हात मोकळे
आणि पुस्तक पिशवीतच.

उर्वी सेलूत, वन्संकडं.
वन्स म्हणाल्या, जावा बिनघोर,
चार वाढवलीत मी, पाचवं काय जड हाय का?
आम्ही निघालो तेव्हा ती लसणाच्या टोपलीपाशी बसलेली,
एकेक पाकळी उचलायची,
जे उघडं दिसेल त्यात टाकायची.
तिला दिसू नका, मागून जावा, म्हणाल्या.
परसदारानं निघालो, चपला हातात घेऊन,
चोरासारखे.

मानवत रोड गेलं, परभणी गेली,
पूर्णेला गाडी उगीच थांबून राहिली.
विश्वंभरनं पेरू घेतला, चार फोडी, वर तिखटमीठ.
एका फोडीच्या बिया नखानं काढत बसला,
सगळ्या काढल्या,
मग स्वतःच खाऊन टाकली.

रात्री साडेनऊला फोन.
रडायली का?
नाही ओ. वरणभात खाल्ला, पोरांच्या मागं रांगली,
आठलाच झोपली. तुम्हीबी झोपा.
आम्ही खूश झालो.
दोघंही जरा जास्तच खूश झालो.
थोड्या वेळानं तो म्हणाला,
एकदाबी रडली नाही?
बरंच झालं की, मी म्हटलं
आणि बाथरूमची कडी लावून घेतली.

ब्लाउज भिजला होता. छाती दगड.
बेसिनवर वाकून पिळत राहिले.
पांढरी रेघ जाळीपाशी जराशी थांबायची,
मग जायची.
वरून नळ सोडवेना.

झोप, झोप, झोप, असं करत
अकरा महिने काढले आम्ही.
भांडलो तेही झोपेवरून, कुजबुजत.
आता ती होती समोर, अख्खी, पंख्याखाली,
कुणी वाटेकरी नाही.
आणि आम्ही पलंगाच्या दोन कडांना,
मधे हातभर जागा सोडून,
कुणी चेंगरू नये म्हणून.

दोनच्या सुमाराला भिंतीपलीकडं लेकरू रडलं.
माझ्याआधी माझं दूध जागं झालं.
कुणाची तरी माय येरझारा घालायली,
ओ ओ ओ, ओ ओ ओ,
रबरी चपला फटक फटक.
लेकरू काही ऐकेना.
डोळे अंधाराला सरावले तेव्हा दिसलं,
विश्वंभरही जागाच,
आणि त्याचा हात मधल्या रिकाम्या गादीवर
थोपटायला लागलेला.
दोन हलके, एक जड,
दोन हलके, एक जड,
उर्वीला लागतं तसं.
हसू आलं असतं एरवी.
मी माझाही हात ठेवला शेजारी.
किती वेळ कोण जाणे
पलीकडचं लेकरू आम्ही इकडून थोपटलं.
हुंदके लांब लांब होत गेले,
एक,
बऱ्याच उशिरानं अजून एक,
मग नुसता पंखा.

सकाळी ती बाई जिन्यात भेटली.
लेकरू खांद्यावर, लाळ पदरावर.
लोह्याहून आलोत म्हणाली, दवाखान्याला.
रात्री लई तरास झाला असंल तुम्हाला.
नाही ओ. झोपला का नंतर?
झोपला की. एकाएकीच झोपला,
कशानं काय माहीत.
विश्वंभर चहाचा ग्लास धरून
रस्त्याकडं बघायला लागला.

साडेआठला गेट बंद होणार होतं.
हॉल तिकीट शोधताना पर्सच्या तळाशी
बोटाला काहीतरी लागलं.
लसणाची पाकळी, सालासकट,
तिच्यावर दोन दातांची खूण.