बर्फाचं यंत्र, अक्कलकोट रोड

मे महिन्यात मनालीहून ट्रकनं आलं.
ताडपत्री सोडली तेव्हा पत्रा इतका तापलेला
की म्याकल जॉबरनं आधी त्यावर ओलं पोतं टाकलं,
तापल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसं.
"बर्फ फेकायचं मशिन. पाहिलाय का बे कुणी बर्फ?"
रसवंतीवाल्याकडं पाहिलाय, मी म्हणाले, भुसा लावलेला.
"मग झालं की."

चाळीस वर्षं त्यानं माग लावले.
आवाजावरून सांगायचा कुठला दात झिजलाय.
गिरणी बंद पडली, कान उरले.
उजव्या हाताची दोन बोटं गिरणीतच राहिली;
त्याबद्दल कधी बोलला नाही,
पाना तेवढा डाव्या हातानं धरायचा.

पहिलं काम, प्लगची वायर काढून लांब वाकवायची.
पेट्रोल कॅनमध्ये, कॅन सावलीत.
जुनं ऑइल चहाच्या चोथ्यासारखं निघालं.
नवं ओतताना थबकला.
इथं पाण्यासारखं पळणारं तिथं काकवी होईल.
"डिसेंबरात खोबरेल बघतीस न्हवं?"
म्हणून थंडीतलं पातळ ऑइल पुण्याहून मागवलं.
चार दिवस नुसते बसून.

मग खालच्या पट्टीचं अंतर.
टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा कापून
दोन्ही टोकांखाली सारखा सरकवला,
बाजूचे लोखंडी बूट सैल सोडले,
फरशीला टेकले तसे आवळले.
"रस्ता खडीचा का सिमेंटचा, इचार फोन करून."
विचारलं. खडीचा.
आणखी दोन पुठ्ठे,
नाहीतर बर्फाबरोबर दगड उडेल कुणाच्या तरी खिडकीत.

पात्यांच्या दांड्यात कुणीतरी ठोकलेला
जाड पोलादी बोल्ट. तिथं म्याकल चिडला.
"हितं मऊ पिन पायजे. दगड अडकला की तिनं तुटायचं.
ती तुटती म्हणून गिअरबॉक्स जगतो.
ह्या शहाण्यानं न तुटणारी बसवली!"
छिन्नीनं तो बोल्ट काढण्यात दुपार गेली.
मी हातोडा दिला, पाणी दिलं,
शेवटी नुसतीच उभी राहिले.

चाचणीला बर्फ कुठून आणणार?
शेजारच्या शेडमधून सात पोती सुताचा कचरा आणला,
किनारीच्या चिंध्या, तूस, तुटके धागे.
धुराड्यातून पांढरं उडालं
कडुनिंबावर, तारांवर,
गफूरच्या पंक्चरच्या टपात.
गफूर शिव्या देत हसला,
टायर सोडून बघत बसला.

मग धुराड्यात सूत गुंतलं.
मी इंजिन बंद केलं. किल्ली काढून खिशात टाकली.
दहा आकडे मोजले.
सगळं गप्प.
हात पुढं केला

"आगु!"

तीन वर्षांत तो माझ्याशी तेलुगूत बोलला नव्हता.

त्यानं बाभळीची काठी आत घातली, गाठ ढकलली.
पट्ट्यात कोंडलेला ताण सुटला,
बंद यंत्राचं पातं अर्धा फेरा फिरलं
आणि काठी गेली, कट्‌.

तुटका तुकडा उचलून
त्यानं माझ्या मनगटाशेजारी धरून पाहिला.
फार फरक नव्हता.
"माग पण बंदच होता," म्हणाला,
आणि बिडी शोधायला गेला.

संध्याकाळी नवी काठी तासली,
टॉवेलच्या किनारीनं हँडलला बांधली.
बिल मी लिहिलं:
ऑइल, पट्टा, केबल,
पिना सहा, दोन बसवलेल्या, चार पुडीत.
काठी एक.
तिच्यापुढं रक्कम काय लिहू विचारलं
तर म्हणाला, रेघ मार.

जानेवारीत मनालीचा फोन आला.
यंत्र बरं चालतंय,
पण हे लाकूड कशाला बांधलंय, सोडून टाकू का?
मागून वाऱ्याचा आवाज येत होता,
आमच्याकडं कधी येत नाही तसला.
म्याकलनं ऐकून घेतलं,
फोन माझ्या हातात दिला.
"तू सांग."