पोकळीचं वजन

आमच्या बागेतला डोंगर माझ्याहून दीड हात उंच.
थाय सरोवराच्या तळातून काढलेला एकच दगड,
पाण्यानं इतका पोखरलेला
की दगड कमी, भोकंच जास्त.
जुन्या मालकानं म्हणे भोकांचेच पैसे मोजले.
दुरून साजरा दिसतो. जवळून मी धुतो.

एकतीस वर्षं.
बांबूच्या काड्यांचा ब्रश, बादली, साबण नाही.
शेवाळ कुठे राखायचं, कुठे खरवडायचं
ते दगड सांगतो,
आणि महिन्याभरानं साहेब.

मार्चमध्ये शू वेइलान आली, चुंगचिंगहून,
एका कानात चार बाळ्या, बुटांना सिमेंट.
तिला दगड नको होता.
मधलं मोठं भोक हवं होतं,
म्हणजे त्याच्या आत जे असेल ते.
मी म्हटलं, बाई, तिथे काही नाही.
ती म्हणाली, तेच.

चार दिवस तिनं रबराचा लगदा भरून ठेवला.
डोंगराचा श्वास कोंडलाय असं वाटून
मला जेवण जाईना.
बायकोला सांगितलं, दाढ दुखतेय.

दिवाणखान्यात नानमू लाकडाचं लांब टेबल आहे:
पूर्वेला फुलदाणी, पश्चिमेला आरसा, मधे घड्याळ.
तिघांची नावं आमच्या बोलीत एका दमात घेतली
की ऐकू येतं, जन्मभर शांतता.
प्रदर्शनासाठी घड्याळ उचललं,
तिथे तिचा सिमेंटचा गोळा आला.
आता नुसती शांतता,
जन्मभर फडताळात.

लोक आले. एक पोरगं ओरडलं, बटाटा!
निवृत्त शिक्षक नी गुरुजी बराच वेळ वाकून उभे राहिले,
मग खिडकीकडे वळले.
जाळीतून बांबू दिसतो, बांबूमागे पॅगोडा.
तो आमचा नाही,
भिंतीपलीकडून नजरेनं उसना घेतलेला.
हल्ली त्याच्यासोबत एक क्रेनही उसनी येते;
ती परत कुणाला करायची, ठाऊक नाही.

कुलूप लावताना एकदा
गोळ्यावर हात ठेवला.
सगळं ओळखीचं, फक्त उलटं.
बोट जिथे आत शिरायचं तिथे टेंगूळ,
कोपर जिथे आपटायचं तिथे खळगा.
आणि डाव्या बगलेत, खाली,
वीतभर खरबरीत पट्टा.
तिथे माझा ब्रश कधीच पोचला नव्हता.
एकतीस वर्षांची ती कसूर
दिव्याखाली मांडली होती सगळ्यांसमोर,
शेजारी पाटीवर तिचं नाव,
आणि कुणालाच वाचता आली नाही.

मे महिन्यात गोळा पेटीत बसून रॉटरडॅमला गेला.
मी दात घासायचा जुना ब्रश काठीला बांधला,
दंडापर्यंत हात आत घातला.
पट्टा सापडला. थंड, जरा ओला.
थोडा वेळ तसाच उभा राहिलो
आणि हात बाहेर काढला.

घड्याळ परत आलंय.
सात मिनिटं मागे आहे.