उंबरजे, खालचा

रास्ता पेठेत सायकलच्या दुकानावर
मी कवळ्या बनवते.
खिडकीत प्लास्टरचे जबडे वाळतात,
बुडाला पेन्सिलीनं नाव:
दारूवाला, दोन्ही. उंबरजे, खालचा.
माणसं मला दिसत नाहीत.
चावा दिसतो.

सांगोळे सर म्हणायचे, या पितळी यंत्राला भुलू नका,
याला नुसती बिजागरी आहे.
आणि आमचीच बोटं आमच्या कानांपुढे ठेवायला लावायचे.
उघडा, थोडंसं.
आत काहीतरी जागच्या जागी फिरलं.
अजून उघडा.
आणि ते गोल डोकं खाचेतून निघालं,
उतारावरून पुढे घसरलं,
आपली एवढीशी गादी काखेत मारून.
मिटलं की परत घरी.
हाड एक, सांधे दोन;
डाव्याला हलायचं तर उजव्याला उठवावं लागतं.

कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला स्नायू.
आपण त्याला बाम चोळतो, डोकं दुखतं म्हणतो,
तो बिचारा दिवसभर
कुणाला न दिलेलं उत्तर आवळून बसलेला असतो.
गालातला चौकोनी, भाकरीचा, सुपारीचा, रागाचा.
आणि आत लपलेले,
जबडा आडवा ओढणारे, जात्याला हात घालणारे.
तोंडात दळणच चालतं.

उंबरज्यांची कवळी तीनदा परत आली.
चिठ्ठीत एकच शब्द: टोचते.
मी घासली. पुन्हा घासली.
चौथ्यांदा साचा उजेडात धरला तेव्हा दिसलं,
डावी हिरडी झिजून पार पातळ,
उजवी अजून भरलेली.
वीसेक वर्षं हा माणूस एकाच बाजूनं जेवलाय.
उजवीकडे कधी, काय दुखलं होतं,
हे चिठ्ठीवर विचारायची सोय नसते.
डॉक्टरांना न सांगता
मी कवळी त्याच्याएवढी वाकडी केली.
मग नाही आली.

परवा थंडीत, नाना पेठेच्या कोपऱ्यावर,
ओल्या हरभऱ्याच्या गाडीपाशी एक आजोबा,
विटका स्वेटर, हातात जुडी.
घाटा सोलला, तोंडात टाकला.
जबडा डावीकडे झुकला, गोल वर आला,
थबकला, पुन्हा झुकला.
कानापुढचा उंचवटा सरकत होता, परतत होता.
माझी बोटं आपोआप माझ्या कानांपुढे गेली.

त्यांनी पाहिलं.
बाईचा कान दुखतोय, असं वाटलं असावं.
जुडीतली एक फांदी मोडून पुढे केली.

घेतली.
तिथंच उभ्या उभ्या सोलून
उजवीकडून चावले.