नाव घालणे

शाळेची यादी चार पानी. शेवटची ओळ ठळक:
प्रत्येक वस्तूवर नाव असलंच पाहिजे.
प्रत्येक म्हणजे एकेका मोज्यावरसुद्धा.

म्हणून साठ पट्ट्या मागवल्या, पांढऱ्यावर लाल,
ओजस बिडवे, ओजस बिडवे, ओजस बिडवे,
हजेरी घेता घेता मास्तर
एकाच पोरावर अडकून बसावा तशा.

सप्टेंबरचा पहिला रविवार. वूस्टरला रात्रपाळी करून
दुपारी चारला उठले आणि सुई ओवली.
मॉल्व्हर्नच्या टेकड्यांवर ऊन होतं,
ते खिडकीतूनच पाहिलं.

ब्लेझर जुना. शाळेच्याच दुकानातला, अठरा पौंडांचा.
नवा एकशे चाळीसला होता.
सत्तर टक्के फी माफ आहे, उरलेल्या तिसांवर व्हॅट,
आणि ओजसचा बाबा शनिवारीही व्हॅन का चालवतो
हे आम्ही गावी कळवलेलं नाही.

दुकानातल्या बाई म्हणाल्या, थोडा मोठाच घ्या.
मला हसू आलं.
इचलकरंजीत आमचा शिंपीही हेच म्हणायचा,
वाढत्या अंगाचं शिवतो, वहिनी,
तोवर आईची मान हललेलीही असायची.

कॉलरच्या आत दुसऱ्याच मुलाचं नाव.
एच. फेनविक.
म्हणायचं मात्र फेनिक, हेही त्या बाईंनीच सांगितलं.
अक्षर आहे, पण ते गिळायचं.
ओजसचं काय काय गिळतील कुणास ठाऊक.

उसवायला घेतलं. टाके उसवेनात.
मशीनचे नव्हते ते. हाताचे, बारीक, तिरपे,
टोकाला गाठ तीनदा मारलेली.
कुणी घातले? आईने? पगारी बाईने?
शेवटच्या दोन टाक्यांत घाई दिसत होती,
खाली कुणी गाडी सुरू केली असावी.
कात्रीचं टोक आत गेलं आणि मी थांबले.

मी दूध तापवते ते पातेलं आईच्या लग्नात आलेलं.
त्याच्या काठावर टिंबाटिंबांनी कोरलंय:
सौ. अनसूया गणपतराव डाके यांजकडून, १९७८.
कोण ही अनसूयाबाई? आईलाही आठवत नव्हतं.
आमच्या गल्लीत डाके कुणीच नव्हते.
पण पातेलं मोडीत घालू म्हटलं की आई म्हणायची,
असू दे गं, नाव आहे त्याच्यावर.
स्वेटरांत गुंडाळून ते या देशात आलं.
अनसूयाबाईही आल्या. बिनव्हिसाच्या.

तर मग राहू दे म्हटलं फेनिक.
त्याच्या वर, बोटभर अंतर सोडून, ओजसला टाचला.

ओजसने वाकून पाहिलं. हा कोण?
आधीचा.
आता कुठे आहे?
वाढला असेल.
मग त्याने आतल्या खिशात हात घातला,
जो मी तपासलाच नव्हता,
आणि एक हॉर्स चेस्टनट काढला, सुरकुतलेला,
मधोमध भोक, दोरी नाही.
हुंगला. परत ठेवला.
माझा नाहीये तो, म्हणाला.

मंगळवारी फाटकाशी गाड्यांची रांग,
आम्ही सात बाराच्या बसने.
एका मुलीचा चेलो तिच्याहून उंच, तो तिचे वडील आणत होते
आजारी माणसाला आणावं तसा, दोन्ही हातांनी.
दारात यादी घेतलेले मास्तर:
ओ... ओजॅस?
ओजस, म्हणाला तो. हळूच, पण म्हणाला.
मास्तरांनी पुन्हा म्हणून पाहिलं, बरोबर आलं,
खूण केली.

पायऱ्यांवरून वळून त्याने हात केला.
हात दिसला नाही, नुसती बाही हलली.

घरी येऊन दूध ठेवलं.
रिळावर अजून एकोणीस ओजस शिल्लक आहेत.
ते कशाला लावायचे
यादीत लिहिलेलं नाही.