राहणार

विधेयक दीड पानाचं होतं.
राजधानीत, जेवणानंतरच्या सुस्तीत,
कोणी घसा खाकरला, कोणी घड्याळ पाहिलं,
बटणं दाबली गेली, फळ्यावर हिरवे दिवे लागले:
ओळखपत्रावर राहत्या घराचा पत्ता हवा.
रस्ता आणि नंबर.
पोस्टातली पेटी चालणार नाही.

आम्ही दोनशे मैलांवर, कॅनडाच्या हद्दीला डोकं टेकून.
आमच्याकडे रस्ते होते, पण त्यांना कोणी हाक मारत नसे.
निळ्या टाकीवरून उत्तरेला या,
पोआत्रांची जळकी व्हॅन दिसली की वळा,
तीन पायांचा कुत्रा भुंकला
म्हणजे बरोबर आलात.
अँब्युलन्सलाही हेच सांगतो,
आणि ती येते,
उशिरा का होईना.

डेल्फीन अझूर एकतीस वर्षं पेट्यांत टपाल लावते.
पेटी एकशे बारा कुणाची, विचारा तिला.
नाव सांगेल, आजीचं नाव सांगेल,
पेन्शनचा चेक महिन्याच्या कितव्या दिवशी येतो तेही सांगेल,
जरा हळू आवाजात.
तिला कुणी विचारलं नाही.

मी जमातीच्या कचेरीत ओळखपत्रं छापत होते.
ऑक्टोबर संपत आलेला, बाहेर जमीन दगड झालेली,
रांग दारातून बाहेर पार ट्रकांपर्यंत,
कुणीतरी गॅलेटचे तुकडे वाटत होतं.
शेरिफच्या कचेरीतली बाई फोनवर नंबर द्यायची,
नकाशावर बोट फिरवत असावी,
कारण मधे मधे शांतता, मग कागदाची सळसळ,
मग एक आकडा.

अल्सीद लाफ्राम्बॉईजला मिळालेला आकडा
दारूच्या दुकानाचा निघाला.
"एकोणनव्वद सालापासून घोट घेतला नाही मी,
आणि सरकार म्हणतं, मुक्काम तिथेच!"
रांग हसली. तोही हसला.
मग म्हणाला, फौजेत होतो तेव्हा नंबर होता मला,
अजून पाठ आहे, तो चालेल का?
आणि उभ्या उभ्या म्हणून दाखवला,
आठही आकडे,
टाच टाचेला लावून.

त्याची बहीण रोझेल्डा मात्र हसली नाही.
सोमवारी मुलीकडे, गुरुवारपासून भाच्याकडे,
थंडी वाढली की जिथे स्टोव्ह चालू असेल तिथे.
यातलं घर कुठलं लिहू, तिने विचारलं.
फोनवरच्या बाईला विचारलं.
मला विचारलं.
मग हातमोजे चढवले.
भांडली नाही, दार आपटलं नाही,
तिच्या मागे दार वाऱ्याने लागलं.

पुढच्या आठवड्यात राजधानीच्या पेपरात आलं,
आमच्या बाजूला मतांचा टक्का घसरला,
तज्ज्ञांच्या मते कारण: उदासीनता.
मी तो शब्द दोनदा वाचला.
पत्ता मागून पत्ता कापायचा,
आणि वर म्हणायचं, माणसं बेपत्ता.
डेल्फीनने पेपर घडी करून
डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारला.
टेबल थांबलं. तेवढा उपयोग झाला.

आता कोपऱ्याकोपऱ्यावर हिरव्या पाट्या आहेत.
नावं कुणी ठेवली कोण जाणे,
एका रस्त्याचं नाव 'ओक',
तिथे एकही ओक नाही.
कुत्रा गेला. व्हॅन अजून आहे.
आणि ऐकतेय, राजधानीत नवीन काहीतरी मांडलंय,
या वेळी सव्वा पानाचं.

अल्सीदचा त्या दिवशीचा पहिला फॉर्म
माझ्या खणात आहे.
नाव: नीट, जुन्या शाळेच्या वळणाचं.
जन्मतारीख: बरोबर.
'राहणार', असं छापलंय, पुढे ठिपक्यांची ओळ,
त्या ओळीवर, पेन जरा दाबून,
त्याने लिहिलंय:
हो.

मी म्हटलं, अहो, कुठे, ते विचारतायत.
तो म्हणाला, मग तसं विचारायचं.

मी नवा फॉर्म काढला.
छपाईयंत्र गरम झालं होतं, थोडं थांबावं लागलं.
रांग थांबली.