लोणा

पहाटे भिंती पांढऱ्या झालेल्या असतात.
पाहुणे म्हणतात, काय सुंदर, जणू दहिवर पडलंय.
दहिवर कुठलं. लोणा तो.
नदीच्या पोटातून विटेच्या पोटात चढतो,
ऊन तापलं की बाहेर येऊन बसतो
आणि जाताना विटेचा पापुद्रा घेऊन जातो.
हजारो वर्षं उभी राहिलेली भिंत
माझ्या नोकरीच्या एकतीस वर्षांत
गुडघ्यापर्यंत खाल्ली त्यानं.

माझं काम चिखलाचं.
भिंतीला दर हिवाळ्यात नवं अंग लिंपायचं,
म्हणजे लोणा ते खाईल, विटेला सोडेल.
माती गोड लागते, कालव्याच्या काठची.
मिस्त्री अल्लाहडिनोनं पहिल्या दिवशी शिकवलं:
चिमूट उचल, जिभेवर ठेव,
खारट लागली तर टोपली तिथेच उलटी कर.
बायको म्हणते, तुला आता कालवणातलं मीठ कळत नाही.
खरं असेल.

लोक येतात. डोकरीहून बस, लारकान्याहून मोटारी.
टेकूमल कापडवाला मोठ्या हौदापाशी
चपला काढतो, पायरीला हात लावून कपाळाला लावतो.
हौदात थेंब नाही,
तरी आधी बाह्या वर सरकवतो.
एकदा लंकेहून दोन भिक्षू आले,
भर जूनमध्ये, अनवाणी.
तापल्या विटांवरून स्तूपाला तीन फेऱ्या घातल्या,
मग सावलीत बसून धाकट्यानं
हळूच तळव्यांना थुंकी लावली.
मी माझा माठ पुढे केला.
कुणी मुद्रेवरच्या मांडी घातलेल्या माणसात आपला देव शोधतं,
कुणी म्हणतं, देव नव्हतेच इथे, नुसती गटारं.
मला विचारतात, तुमचं काय मत?
मी म्हणतो, साईं, गटारं उत्तम आहेत.

स्तूप बांधणाऱ्यांनी विटा भाजल्या नाहीत.
खालची घरं तेव्हाच मेलेली होती,
तिथून उपसल्या नि वर रचल्या.
कुणाच्या न्हाणीची वीट
निर्वाणाच्या पायाला लागली.
ही चोरी का?
अल्लाहडिनो म्हणायचा,
वीट पुन्हा कामाला लागली की तिचं पाप फिटतं.
विटेचं. उपसणाऱ्याचं तो बोलला नाही.

त्या मोठ्या पावसात एक कोपरा बसला.
अबडो साहेबांनी नव्या विटा पाडायला सांगितल्या.
माप तेच, एकाला दोन, दोनाला चार.
प्रत्येकीवर साल उमटवायचं,
पुढच्यांची फसवणूक नको.
विटा ओळीनं वाळत होत्या
आणि माझी नात हीरां शेळीमागे धावताना
एकीवर पाऊल देऊन गेली.
पाची बोटं. अंगठा जरा खोल.
साहेब म्हणाले, ही बाद.

विहिरीच्या कठड्यात एक जुनी वीट आहे,
तिच्यावर कुत्र्याचा पंजा.
त्या सकाळीही कुणी हाड् म्हणून ओरडलं असेल,
खडा भिरकावला असेल,
पण वीट बाद केली नाही.

मी ती भाजली.
साल घातलं नाही.
सगळे जेवायला गेले तेव्हा बसवली, चौथ्या थरात,
पाऊल आतल्या अंगाला,
त्या जुन्या भिंतीकडे तोंड करून.
फसवणूक आहे, कबूल.
हीरां विचारते, माझी वीट कुठली?
मी दर वेळी वेगळी दाखवते तशी—
नाही, तिची आजी दाखवते, तिला माहीतच नाही.
मी गप्प राहतो.

काल तिथून जाताना हात लावला.
चौथ्या थरात एक पांढरी रेघ.
नवी-जुनी तो बघत नाही.
बोटानं टिपली, जिभेवर ठेवली.
खारट.
कळलं मला.
टोपली उचलली आणि कालव्याकडे निघालो.